सातवा लागतोय तर

प्रिय अशू,

तुझं पत्र मिळालं. धाकटीला पुढच्या आठवड्यात सातवा लागतोय, उष्टावणाला मामा येतोय, आणि सासूबाई आत्तापासूनच वरणाच्या पाण्याचं विचारतायत. मोठ्याच्या वेळचं काही म्हणजे काही आठवत नाही, असं लिहिलंयस. चार वर्षांत विसरायला होतंच गं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

आधी घाई नको. पूर्ण सहा महिने, म्हणजे 180 दिवस, अंगावरचं दूध पुरतं. मान पक्की धरते का, आधाराने ताठ बसते का, आणि चमचा ओठाला लागला की जिभेने बाहेर ढकलणं कमी झालंय का, एवढं बघ. तुमच्या ताटाकडे टक लावून बघणं ही खूण धरू नकोस, ती चौथ्या महिन्यापासून तशीच बघत असते.

उष्टावण होऊ दे थाटात. मामाची मांडी, चांदीची वाटी, तांदळाची खीर, सगळं. बोटाच्या टोकाला लागेल तेवढी खीर जिभेवर टेकवली की काही बिघडत नाही. फक्त त्यात काजू-बदामाचे काप नकोत. आणि मामाला हौसेने वाटी संपवू देऊ नकोस. साखरेची ओळख जितकी उशिरा तितकी बरी.

आता वरणाचं पाणी. या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. वरणाचं पाणी, भाताची पेज, पालेभाजीचं सूप या सगळ्यांनी पोट भरतं, पण पोर पोसत नाही. या वयात पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिली मावतं. धाकटी सात किलोची, म्हणजे 200 मिलीच्या आसपास. ती जागा पाण्याने भरली की ती तोंड फिरवणार, तू म्हणणार जेवली, आणि दोन तासांनी रडारड. वर अंगावरचं दूधही कमी पिणार. म्हणजे चांगलं दूध घालवून पाणी पाजल्यासारखं झालं. सहा ते आठ महिन्यांत दुधाशिवाय वरून साधारण 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300, आणि वर्षानंतर 550. एक चहाचा चमचा साजूक तूप म्हणजे 45 कॅलरी. त्यापुढे वाटीभर वरणाच्या पाण्याचा हिशोब न केलेला बरा.

तर ओळखायचं कसं? चमचा भर आणि तिरका कर. वाहून गेलं तर पातळ. चमच्याला धरून राहिलं आणि सावकाश गोळ्याने घसरलं तर बरोबर. सासूबाईंनाही हे करून दाखव, वाद घालण्यापेक्षा चमचा दाखवलेला बरा.

खिचडी वेगळी लावू नकोस. दोन चमचे डाळतांदूळ कुकरात थेट लावले की तळाला लागतात, आणि रोज दोन भांडी कोण घासणार? दोघांची मिळून लाव: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ. दोन्ही कोरडंच मिनिट-दोन मिनिटं गरम करून घे, मग धुऊन वीस मिनिटं भिजव. साडेतीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग, आणि लाल भोपळ्याची किंवा गाजराची एक-दोन फोड. चार-पाच शिट्ट्या कर आणि कुकर आपोआप उतरू दे. वाफ काढून घाईने उघडलास तर डाळ दाताखाली कचकचते आणि तिच्या पोटात गुबारा धरतो.

उघडल्यावर मीठ घालायच्या आधी तिची वाटी बाजूला काढ. उरलेल्यात मीठ, आणि वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी मोठ्यासाठी. वर्षाच्या आत वेगळं मीठ नको, तिच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. "अळणी कसं खाईल?" असं आपल्याला वाटतं, तिला खारट म्हणजे काय हेच अजून माहीत नाही. तिच्या वाटीत एक चमचा तूप घालून पळीच्या पाठीने घोट. पहिला आठवडाभर हवं तर पिठाच्या चाळणीतून दाबून काढ, पुढे नुसतं कुस्कर. मिक्सर नको. मिक्सरमध्ये भाताची खळ होते, टाळूला चिकटते आणि मग पोर उमाळे काढतं. शिवाय आठ-नऊ महिन्यांपर्यंत बारीक कण तोंडात आलेच नाहीत तर पुढे दीड वर्षाचं होऊनसुद्धा सगळं गाळूनच मागतं. खिचडी निवली की घट्ट होते, तेव्हा गरम पाणी एकेक चमचा घाल. अर्धी वाटी ओतलीस की पुन्हा वरणाच्या पाण्यावर आलो.

किती द्यायचं? सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठवा संपेपर्यंत हळूहळू अर्ध्या कपापर्यंत, दोन-तीन वेळा. इथे कप म्हणजे 250 मिलीचा. तुमची आमटीची वाटी किती भरते ते एकदा मापून ठेव, नाहीतर पुस्तकातली वाटी आणि आपली वाटी यात घोळ होतो. नऊ महिने पूर्ण झाले की तेवढंच पण तीन-चार वेळा, आणि मधे एखादं फळ. वर्षाची झाली की पाऊण ते एक कप. अंगावरचं चालूच.

नाचणी सत्व सासूबाईंकडे सोपव. त्यांचा हात चांगला आहे, आणि बाळासाठी आपलं काहीतरी चाललंय याचं त्यांना समाधान. फक्त या गोष्टी सांग. अर्धा किलो नाचणी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, कारण तिच्यात वाळू असते. दहा-बारा तास भिजवून, पूर्ण निथळून, ओल्या सुती कापडात सैल बांधायची. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दीड दिवस. डब्यात झाकण घट्ट लावून ठेवली तर ती घामेजते, बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. तसं झालं तर सरळ टाकून द्यायची, धुऊन वापरायची नाही. मोड तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा झाला की बास. मग पंख्याखाली, नंतर उन्हात, दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवायची. इथेच बहुतेकांचं चुकतं: वरून कोरडी दिसते, आत ओल राहते, आणि पंधरा दिवसांत पिठाला कुबट वास. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायची, गार करून दळायची.

चाळताना वस्त्रगाळ करू नका. नाचणीतलं कॅल्शियम बरंचसं टरफलातच असतं. दळलेलं धुऊन, निथळून खालचा पांढरा साका वाळवतात ना, ते दिसायला सुरेख, पण त्यात पिष्टच जास्त उरतं.

शिजवताना दीड-दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग 150 मिली होईल एवढं पाणी घालून मंद आचेवर ढवळत पाच-सात मिनिटं. गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या झाल्याच. मोड आलेल्या नाचणीची खीर साध्या पिठापेक्षा पातळ होते, कारण मोड येताना तयार झालेला पाचक रस शिजताना पिष्ट तोडतो. म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं, मोड आणायचा खरा फायदा हाच. म्हणून पातळ दिसली तर अजून एक चमचा पीठ कालवून घाल. गूळ नको. कुस्करलेलं केळं किंवा भिजवून वाटलेली खारीक पुरते.

नाचणीने रक्त वाढतं असं सगळे म्हणतात, ते काही खरं नाही. कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅममध्ये 350 मिलिग्रॅमच्या आसपास. लोह मात्र 4-5 मिलिग्रॅम, आणि तेही अंगी थोडंच लागतं. पोटात असताना साठवलेलं लोह सहा महिन्यांत संपत येतं, म्हणून आता ते वरून जायलाच हवं. तुमच्याकडे अंडं चालतं तर पूर्ण उकडलेलं, पिवळं आणि पांढरं दोन्ही, आधी पाव चमचा आणि मग वाढवत. मासे-मटण चालत असेल तर काटा-हाड तीनदा बघून, अगदी मऊ कुस्करून. शाकाहारी वाटीवर दोन थेंब लिंबू पिळ, डाळ-पालेभाजीतलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. याशिवाय आशाताई लोहाच्या औषधाची बाटली देतील. सहा महिने ते पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा 1 मिली. म्हणजे मोठ्यालाही लागू आहे, विसरू नकोस. शी काळपट होईल, घाबरू नकोस. दूध-चहाबरोबर देऊ नकोस.

दाण्याचं कूट वर्षभर टाळायचं हा जुना सल्ला होता. आता तसं नाही. अगदी बारीक कूट खिचडीत कालवून पाव चमच्याने सुरू कर, सकाळच्या वेळी, म्हणजे काही पुरळ उठलं तर दिवसाउजेडी कळेल. अंगावर खूप इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. नवा पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस.

मध अजिबात नाही. वर्ष होईपर्यंत बोटावरसुद्धा नाही. त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या आजाराचे बीजाणू असू शकतात, घरी उकळून ते मरत नाहीत, आणि बाळाच्या आतड्यात ते रुजतात. शुद्ध असो, गावचा असो, सगळा सारखाच. त्याच कारणाने मधातली गुटी बंद. तशीही वेखंड-जायफळाचे वेढे कुणी किती उगाळले याला माप नसतं, आणि जायफळ जास्त झालं की पोर गुंगतं, त्याला आपण "शांत झोपली" म्हणतो. सहाण सासूबाईंच्या देव्हाऱ्यात चंदनाला जाऊ दे.

गाईचं दूध प्यायला वर्षानंतर, त्याआधी ताजं दही चमचाभर चालेल. बिस्किट दुधात बुडवून तर नकोच, ती मैदा-साखरच. पाणी उकळून गार केलेलं, जेवणाबरोबर दोन-चार घोट, छोट्या पेल्याने. बाटली नको, तिच्या बुचात कायम काहीतरी सडत असतं. आणि बोंडल्याने आडवं घेऊन घशात ओतायचं नाही, ठसका तिथेच लागतो.

ठसक्याचंच सांगते. उमाळा आणि घुसमट यांत फरक आहे. उमाळ्यात आवाज येतो, चेहरा लाल होतो, खोकते. तेव्हा हात लावू नकोस, तिचं ती काढते. घुसमटीत आवाजच बंद: रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडतात. लगेच पालथी हातावर घे, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधे पाच थापा. नाही निघालं तर उताणी करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा थापा, आणि कुणीतरी 108 लावायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं. हे धाकटीच्या बाबांना आणि सासूबाईंना उशीवर करून दाखव.

आणि तुझ्या घरात घुसमटीचा खरा धोका चमचा नाही, तुझा मोठा लेक आहे. तो प्रेमाने फुटाणा भरवेल, शेंगदाणा भरवेल, डाळिंबाचा दाणा, अख्खं द्राक्ष. त्याचा खाऊ टेबलावरच खायचा असा नियम कर आणि खाली सांडलेलं लगेच झाड. त्याला बाळाला भरवायची हौस असेल तर वाटी धरायचं काम दे.

तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे आवडलं नाही असं नाही. नवी चव आठ-दहा वेळा पुढे करावी लागते. तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली की थांब. नाक दाबून, मोबाईल दाखवून भरवलेला घास जातो खरा, पण मग मोबाईलशिवाय दुसरा जात नाही. पहिल्या पंधरवड्यात शी घट्ट होईलच. केळं कमी कर, पिकलेली पपई किंवा भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका दे.

शिजवलेला भात दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नकोस. फ्रिजमध्ये ठेवलेलं त्याच दिवशी, एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून. तिच्या वाटीतलं उष्टं पुन्हा ठेवायचं नाही. आणि ते तूही खायचं नाहीस. पोरांचे उरलेसुरले चार घास म्हणजे आईचं जेवण, ही आपल्याकडची जुनी खोड. अंगावर पाजतेयस, रोज पाचशे कॅलरींच्या आसपास तुलाच जास्त लागतात. तिची खिचडी निवेपर्यंत तुझं ताट वाढून घे.

नववा संपला की गोवर-रुबेलाची लस आणि त्याच दिवशी जीवनसत्त्व अ चा पहिला डोस. दर महिन्याला अंगणवाडीत वजन कर, आलेख वर चाललाय ना तेवढं बघ. शेजारणीच्या गुटगुटीत बाळाशी तुलना नको.

मामाबरोबर पाव किलो सत्व पाठवतेय, सासूबाईंचं होईपर्यंत. पावसाळी हवा आहे, डबा उघडलास की कोरडाच चमचा घाल. आणि उष्टावणाचे फोटो पाठव, खीर नाकाला लागलेली असेल तो आधी.

तुझी,
मीरा