कलावंताचे दात आणि आपला आग्रह

माननीय संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका नवोदित अभिनेत्रीच्या दातांविषयीचे पत्र प्रसिद्ध झाले. पडद्यावर येणाऱ्याने आधी आपले दात नीट करून घ्यावेत, प्रेक्षक पैसे मोजून येतो तो असे वेडेवाकडे दात पाहायला नव्हे, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकांनी ते आपुलकीने लिहिले असावे असे मी मानते, कारण त्यांनी त्या मुलीला उपचारांची माहितीही दिली आहे. मी गेली 26 वर्षे नाटकात आणि ध्वनिमुद्रणात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना उच्चार आणि वाचिक अभिनय शिकवते. दात, जीभ आणि ओठ यांच्याशीच माझा रोजचा व्यवहार असल्यामुळे या सल्ल्याविषयी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

आजारी दात आणि वाकडा दात यांची गल्लत त्या पत्रात झाली आहे. दात किडला असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, चावताना जबडा दुखत असेल किंवा दाटीमुळे दात स्वच्छच करता येत नसतील, तर उपचार केलेच पाहिजेत. आणि ते कलावंतालाच काय, कोणालाही लागू आहे. क्लार्क गेबल या अमेरिकी नटाला 1933 साली हिरड्यांच्या संसर्गामुळे जवळजवळ सगळे दात काढून टाकावे लागले आणि पुढची सारी कारकीर्द त्याने कवळी लावून केली. त्याबद्दल कोणाचे काही म्हणणे असण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या दोन दातांत फट असणे, एक सुळा जरा पुढे येणे किंवा दातावर दात चढलेला असणे यात बहुतेक वेळा रोग नसतो. तो त्या माणसाचा चेहरा असतो. पत्रलेखकांनी ज्या अभिनेत्रीविषयी लिहिले आहे तिचे दात, निदान पडद्यावर दिसतात तेवढ्यावरून, अगदी निरोगी आहेत.

आता माझ्या विषयाकडे येते. आवाज स्वरयंत्रात निर्माण होतो हे खरे, पण त्याचा शब्द होतो तो तोंडात, आणि त्या घडणीत दातांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न या वर्णांना 'दंत्य' म्हटले आहे ते उगाच नाही. 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या पटाशीच्या दातांच्या कडेजवळ जातो. 'स' म्हणताना जिभेच्या मधल्या अरुंद वाटेने आलेली हवा पुढच्या दातांच्या कडेवर आपटते आणि तिथेच त्या वर्णाची धार तयार होते. मराठीत तर आणखी एक बारकावा आहे. 'चक्र' मधला च आणि 'चाक' मधला च, 'जग' मधला ज आणि 'जगणे' मधला ज, हे लिहिताना एकच असले तरी बोलताना वेगळे आहेत, कारण 'चाक' आणि 'जगणे' म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मुळाशी जाते. वाचकांनी हे शब्द एकदा सावकाश म्हणून पाहावेत. आपली जीभ कुठे टेकते ते त्यांचे त्यांनाच कळेल. दंतवैद्यांनाही हे चांगले ठाऊक असते. पुढच्या दातांची कवळी बसवताना जाणता दंतवैद्य रुग्णाला 'फ', 'व', 'स' असलेले शब्द मोठ्याने म्हणायला लावतो आणि त्या उच्चारांवरून दातांची लांबी ठरवतो. ज्या दातांच्या कडेवर इतके अवलंबून आहे, ती कड अर्धा मिलिमीटर पुढे आली तरी जिभेला आपली जागा नव्याने शोधावी लागते.

सर्वसाधारण माणसाची जीभ काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत ही जागा शोधते आणि मग त्याला फरक आठवतही नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दातांवर उपचार केले की वाणी कायमची बिघडते अशी भीती मला पसरवायची नाही. परंतु ज्याचे पोट उच्चारांवर आहे त्याच्यासाठी ते काही आठवडे फार मोठे असतात. हेच वाद्य वाजवणाऱ्यांनाही लागू पडते. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात वाद्याच्या मुखावर टेकलेले असतात आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या ओठांना मागून दातांचाच आधार असतो. अशा वादकाचे दात बदलले की त्याची तोंडाची बैठक बदलते आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने बसलेली फुंक पुन्हा बसवावी लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. तिच्या वरच्या दोन पटाशीच्या दातांत काडीपेटीतली काडी जाईल एवढी फट होती. एका मालिकेसाठी तिची निवड जवळजवळ झाली होती, आणि भूमिका हवी असेल तर ती फट बुजवून या, असे तिला निर्मात्यांकडून सांगण्यात आले. तिने घाईघाईने सहा दातांवर व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला कायमचा चिकटवायचा पातळ पापुद्रा, बसवून घेतले. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा 'स' जाड झाला होता आणि ध्वनिमुद्रणात त्याच्यामागे एक बारीक शीळ ऐकू येत होती. आम्ही आरसा समोर ठेवून, 'सरसर' आणि 'सोसणे' यांसारखे शब्द घेऊन जवळजवळ तीन महिने काम केले. 'स' परत आला. पण आणखी एक गोष्ट होती, जी मला आधी कधी लक्षात आली नव्हती. एखादे अवघड वाक्य घेण्यापूर्वी ही मुलगी जिभेचे टोक नकळत त्या फटीत टेकवायची आणि तेवढ्या क्षणभराच्या थांबण्यामुळे तिचे वाक्य नेमके वेळेवर पडायचे. आता ती तिथे जीभ नेई आणि तिला गुळगुळीत भिंत लागे. मग ती वाक्य लवकर घेऊन टाकी. मधल्या काळात ती भूमिका दुसऱ्याच मुलीला मिळाली होती.

व्हिनिअरसाठी घासून पातळ करण्यापूर्वी तिचे दात पूर्ण निरोगी होते. व्हिनिअर बसवताना बहुतेक वेळा दाताच्या वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, थोडे घासून काढावे लागते आणि एकदा काढलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. कॅप बसवायची तर त्याहून बरेच जास्त घासावे लागते. व्हिनिअर साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे टिकते आणि मग बदलावे लागते. माझी विद्यार्थिनी आज 24 वर्षांची आहे. पुढच्या आयुष्यात तिला हे किती वेळा करावे लागेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. दातांना तार लावून ते सरळ करणे हा त्या मानाने सौम्य मार्ग आहे, कारण त्यात आपलेच दात राहतात. पण त्याला सहसा दीड-दोन वर्षे लागतात, आणि चित्रीकरण पुढच्या महिन्यात सुरू करायचे असलेल्या निर्मात्याला तेवढा धीर नसतो. म्हणून घासण्याचा सल्ला दिला जातो.

गंमत अशी की सिनेमाने हा प्रश्न फार पूर्वी, कोणाचाही दात न घासता सोडवला होता. चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने 1930 च्या आसपास हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी दातांवर चिकटवायचे पातळ पापुद्रे तयार केले. चित्रीकरण झाले की ते काढून ठेवायचे. बालकलाकार शर्ली टेंपल हिचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा ती पोकळी कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून तिलाही असेच दात करून देण्यात आले होते. एका लहान मुलीचे दात पडलेलेही प्रेक्षकांना दिसू नयेत, हा आग्रह मला आजही अस्वस्थ करतो. तरी त्या मुलीला घरी जाताना आपले दात परत मिळत होते. पुढे 1955 मध्ये दंतसंशोधक मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाची प्रक्रिया करून इनॅमलवर पदार्थ घट्ट चिकटवण्याची पद्धत दाखवली आणि 1980 च्या दशकात चिनी मातीचे कायमचे व्हिनिअर प्रचारात आले. पापुद्रा पक्का झाला आणि परत फिरण्याची वाट बंद झाली.

भूमिकेची गरज म्हणून दात बदलावे लागतात, हा युक्तिवादही त्या पत्रात आहे. त्यासाठी काढता येण्याजोगे दात आजही वापरले जातात. मार्लन ब्रँडो या अमेरिकी नटाने 1972 च्या 'द गॉडफादर' चित्रपटातल्या त्याच्या गाजलेल्या भूमिकेत जबडा भरलेला दिसावा म्हणून दंतवैद्याकडून तोंडात बसवायचा एक तुकडा करून घेतला होता. आणि फ्रेडी मर्क्युरी या गायकाचे उदाहरण तर फार बोलके आहे. त्यांच्या वरच्या जबड्यात चार जादा दात होते आणि त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले होते. त्यांना त्याचा संकोच वाटे, बोलताना ते वरचा ओठ ओढून दात झाकत. पण ते दात काढले तर आपल्या गाण्यावर परिणाम होईल या भीतीने त्यांनी ते अखेरपर्यंत तसेच ठेवले. ती भीती शास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकेल यावर मी वाद घालणार नाही. आपल्या गळ्याविषयीचा निर्णय त्यांचा होता आणि त्यांनी तो घेतला. पुढे 2018 च्या चित्रपटात रामी मलेक यांनी त्यांची भूमिका केली तेव्हा त्यांना नकली दात बनवून घालावे लागले. त्या दातांवाचून तो माणूस उभाच राहत नव्हता.

या सगळ्यात कोणाला किती मोकळीक असते, हेही पाहिले पाहिजे. लॉरेन हटन या मॉडेलच्या दातांत फट होती; सुरुवातीच्या काळात छायाचित्रांसाठी ती मेणाने बुजवली जाई, पण त्यांनी ती कायमची बुजवली नाही आणि 1973 मध्ये त्याच चेहऱ्यावर त्यांना एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचा मोठा करार मिळाला. कर्स्टन डन्स्ट या अभिनेत्रीने मुलाखतींत सांगितले आहे की 2002 साली प्रदर्शित झालेल्या एका मोठ्या चित्रपटाच्या वेळी निर्मात्याने आपल्याला दंतवैद्याकडे नेले होते आणि आपण नकार दिला. तिला नकार देता आला, कारण ती लहानपणापासून काम करत होती आणि तिचे नाव झालेले होते. पहिली संधी शोधणाऱ्या मुलीला हा नकार परवडत नाही. म्हणून 'निर्णय तिचाच होता' हे वाक्य मला फार जपून वापरावेसे वाटते.

उलट बाजूने, ज्यांनी स्वतःहून दात करून घेतले त्यांना कोणी दोष देऊ नये, असेही मला तितक्याच कळकळीने वाटते. गायक डेव्हिड बोवी यांनी 1990 च्या दशकात आपले दात बदलून घेतले, तेव्हा त्यांची थोरवी कमी झाली नाही. हसताना तोंडावर हात धरण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याला मोकळेपणाने हसायचे असेल तर तो त्याचा अधिकार आहे. वाकडे दात 'अस्सल' म्हणून राखून ठेवा, असा आग्रहही शेवटी दुसऱ्याच्या तोंडात बोट घालणेच आहे. 2025 मध्ये इंग्लंडच्या एमी लू वुड या अभिनेत्रीच्या दातांचे जगभर कौतुक झाले, पण कामाऐवजी दातांवरच बोलले जाते याचे वाईट वाटते, असे तिने सांगितले. टीका असो की कौतुक, तिच्या वाट्याला दातांचीच चर्चा आली.

माझी मागणी मोठी नाही. निर्मात्यांनी निरोगी दात घासून घेण्याची अट कोणत्याही करारात, तोंडी किंवा लेखी, घालू नये. फारच गरज असेल तर काढता येणारे दात आपल्या खर्चाने करून द्यावेत. ज्याला दात करून घ्यायचेच असतील त्याने दोन कामांच्या मधला मोकळा काळ निवडावा, आपण बोलण्याचे किंवा वाजवण्याचे काम करतो हे दंतवैद्याला आधी सांगावे, मूळ दातांचा साचा घेऊन ठेवावा आणि पक्के करण्यापूर्वी तात्पुरते दात लावून आपला उतारा मोठ्याने म्हणून पाहावा. माझ्या विद्यार्थिनीला हे कोणी सांगितले नाही, आणि तिने मला विचारले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

त्या पत्रात अभिनेत्रीच्या दातांविषयी अकरा ओळी आहेत, मी मोजल्या. तिच्या अभिनयाविषयी एकही नाही. पत्रलेखकांनी तिचे काम पाहिलेले आहे, तेव्हा ते काम त्यांना कसे वाटले हे त्यांनी आपल्याला लिहून कळवावे आणि आपण ते छापावे, अशी माझी दोघांनाही विनंती आहे.

आपली विश्वासू,
वाचिक अभिनयाची एक शिक्षिका