माम, तुमची केबल अजून माझ्याकडेच आहे

ती. माम यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला घरी आलो की तुम्ही 'चहा घेणार?' म्हणत आत निघून जाता. तीनदा असं झालं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला उठून जाता येणार नाही. गेल्या महिन्यात तुम्ही साऊंडचा टेम्पो विकलात, पेट्या पुतण्याच्या हवाली केल्यात, असं कळलं. त्याच रात्री लिहायला बसलो, पण दोन ओळींपुढे सरकलो नाही. आज पाऊस आहे, वीज गेली आहे, तेव्हा जमेलसं दिसतंय.

इतरांसाठी थोडं सांगतो. आमचा पाच जणांचा बँड, सगळे गोव्याच्या फोंडा तालुक्यातले. दोघे कुंडईच्या कारखान्यात, एक बँकेत, एक मास्तर, आणि ड्रमर अजून कॉलेजात. शनिवार-रविवार तालीम. जुनी हिंदी गाणी, भावगीतं, थोडी कोंकणी. चवथीचे (गणेशचतुर्थीचे) मंडप, जत्रा, ओळखीतली लग्नं. मी बेस गिटार वाजवतो. हे वाद्य वाजतंय हे लोकांना कळतं ते बंद पडल्यावर.

आणि ते पडलं, त्या जत्रेच्या रात्री, सहाव्या गाण्यात. आधी आवाज फाटला, मग खरखर, मग काहीच नाही. मी अँपची बटणं पिळतोय, पेडलं, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्या, एकेक करून उपटतोय (पाच होती तेव्हा), आणि गायक लोकांना विनोद सांगतोय. तुम्ही साऊंडच्या मिक्सरवरून उठलात, स्टेजवर चढलात, हातात स्क्रूड्रायव्हर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. गिटार उलटी करून मागचं झाकण उघडलंत. "बॅटरी गेल्या रे, पुता."

ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बेसमध्ये केबलचा जॅक खुपसला की आतला प्रीॲम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) चालू होतो आणि कोणी वाजवो न वाजवो, बॅटरी खात बसतो. मी आठवडाभर केबल लावूनच ठेवली होती. गिटार विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. त्याने सहावं पेडल मात्र सुचवलं होतं.

त्याच वेळी तुम्ही आणखी एक गोष्ट केलीत. माझी दहा मीटरची केबल काढलीत, गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलीत, आणि तुमच्या पेटीतली तीन मीटरची, दोन्ही टोकांना लाल टेप लावलेली केबल जोडलीत. अँपही उचलून ड्रमच्या डाव्या अंगाला, हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) शेजारी नेऊन ठेवलात. माझी केबल बिघडली असेल असं मी समजलो. कार्यक्रम संपला, तुम्ही केबल मागितली नाहीत, मीही दिली नाही.

आता मूळ दुखण्यावर येतो. आमची गाणी पळायची. दहाच्या आत लाऊडस्पीकर बंद करायचा असतो म्हणून नव्हे. आठ वाजता सुरू केलं तरी पळायची. कडवं ठीक, धृपदाला सगळे घामाघूम, शेवटाला गायकाला शब्द पुरे करायला श्वास नाही. आम्ही चौघांनी निदान केलं होतं: ड्रमर पोरगा कच्चा आहे. त्याला तोंडावर बोललो होतो. मी तर त्याला मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या लयीत टकटक करणारं यंत्र, भेट दिला होता, वाढदिवसाला. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

आणि माझ्या स्वतःच्या दुखण्यावर माझा इलाज होता खरेदी. बेस गर्दीत हरवतो असं वाटलं की कॉम्प्रेसरचं पेडल. तरी हरवला की कोरसचं. मग पन्नास वॉटचा अँप देऊन शंभर वॉटचा घ्यायचं ठरवलं. ते तुम्ही थांबवलंत. पन्नासाचे शंभर वॉट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दसपट ताकद लागते, हे तुम्ही त्या दिवशी चहाच्या बशीत बिस्किटं मांडून समजावलंत. माझे किती पैसे वाचले ते घरी माहीत आहे. तुम्हाला एक आभार बायकोचेही आहेत.

पण आवाज हरवत का होता, ते तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, ऐकवलंत. पुढच्या कार्यक्रमानंतर हातात पेन ड्राइव्ह ठेवलात. "पयलीं आयक, मागीर उलय." (आधी ऐक, मग बोल.) मिक्सरवरून तुम्ही रेकॉर्डिंग केलं होतं, डाव्या कानात फक्त ड्रम, उजव्या कानात फक्त माझा बेस. बाकी कोणी नाही. मी रात्री हेडफोन लावून बसलो आणि पहिल्याच गाण्यात हात थांबला. प्रत्येक मात्रेला मी आधी. थोडासाच, पण प्रत्येक वेळी. पोरगा बिचारा धृपदापर्यंत जागा धरून बसायचा, मग माझ्यामागे यायचा, कारण त्याला वाटायचं मोठ्या माणसाचंच बरोबर असणार. सुरुवात मोजली, मिनिटाला 96 ठोके. शेवट मोजला, 108. आणि माझे सूरही आखूड. प्रत्येक सूर मी लवकर सोडत होतो, पुढचा पकडायच्या घाईत. बेस गर्दीत हरवत नव्हता, गर्दीच्या पुढे पळत होता आणि वर तुटक होता. ड्रमच्या ठोक्यावर बसला असता तर दोन्ही मिळून एकच जाड आवाज झाला असता. कॉम्प्रेसरने हे होत नाही.

दुसऱ्या दिवशी पोराची माफी मागितली. तो म्हणाला, "मला वाटलं होतंच." एवढंच. त्याने तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. मेट्रोनोम देणाऱ्याला कोण सांगेल!

मग तुमची शाळा सुरू झाली. मला वाटत होतं, क्लिक (मेट्रोनोमची टकटक) लावायचं आणि त्याच्याबरोबर वाजवायचं. तुम्ही क्लिक कमी करत गेलात. गाण्याची लय 80 असेल तर मेट्रोनोम 40 वर लावायचा, आणि ते ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायचे. पहिला आठवडा मला ते पहिल्या आणि तिसऱ्यावरच ऐकू यायचे, मेंदू ऐकेच ना. ते बसलं तेव्हा 20 वर, म्हणजे चार मात्रांत एकच ठोका. मधलं सगळं स्वतःच्या अंगावर. "समेर सगळेच येतात," तुम्ही म्हणालात, "मधल्या वेळांत तू खंय आसता तें पळय." (तू कुठे असतोस ते बघ.) टाळी आणि खाली हाताने दाखवत तोंडाने बेस म्हणायला लावलात, गिटार न घेता, अंगणात. शेजारच्या म्हाताऱ्या बाई विचारायच्या, ह्याला काय झालंय.

त्याच अंगणात तुम्ही गोव्याचे जुने तालवादक, लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर यांच्याबद्दल सांगायचात. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा, असं जुनी माणसं सांगतात म्हणे. मला एका पायाने एक धरता येईना. पण एक लक्षात आलं: आमच्या ह्या एवढ्याशा मुलखात लय हा कोणाच्या तरी अभिमानाचा विषय होता, आणि मी अँपची माहितीपत्रकं वाचत बसलो होतो.

एक-दोन फुटकळ गोष्टी इथेच लिहितो, कोणाला उपयोगी पडतील. सरावाला ब्लूटूथ हेडफोन लावू नयेत. त्यातला आवाज पुष्कळदा 100 मिलिसेकंदांहूनही उशिरा पोचतो, आणि आपण आपल्यालाच दोष देत बसतो. केबल कोपरावर गुंडाळू नये, आतली तार पिळते. आपल्याकडच्या पावसात गिटार महिनोन्‌महिने बंद पिशवीत कोंडू नये, तारा आणि जॅक गंजतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पाच पेडलांतली चार मी विकली. ट्यूनर तेवढा ठेवला. पिशवीत आता एक जादा बॅटरी, एक जादा केबल आणि स्क्रूड्रायव्हर असतो.

केबलचं रहस्य मात्र मला दोन वर्षांनी कळलं, तेही तुमच्या पुतण्याकडून. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ 3 मिलिसेकंद. रुंद स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, ड्रमपासून दहा मीटरवर उभा राहिलो तर प्रत्येक ठोका मला 30 मिलिसेकंद उशिरा. त्यात समोरच्या देवळाच्या भिंतीवरून परत येणारा आवाज. भिंत पंचवीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन जवळजवळ 150 मिलिसेकंद, आणि 120 च्या लयीत मात्रेचा चौथा भाग असतो 125. म्हणजे भिंत ऐकून वाजवणारा माणूस पाव मात्रेहून जास्त चुकतो. घाई माझी होतीच, पण अशा जागी ती सुधारायला खरा ठोका नीट ऐकूच येत नाही. मी नेमका तिथेच उभा असायचो, पुढे, कडेला, लोकांना दिसेन असा. तुम्ही मला 'मागे सरक' म्हणाला असता तर मी हो म्हणून पुन्हा पुढे गेलो असतो. म्हणून तुम्ही मला तीन मीटरच्या दोरीने बांधलंत! गायीला दाव्याला बांधतात तसं. ड्रमच्या शेजारी, हाय-हॅटच्या कुशीत. केबल पुढे येऊच देत नव्हती.

हे कळल्यावर मी आधी रागावलो, खरं सांगतो. मग पुष्कळ हसलो.

एका बाबतीत अजून माझं तुमच्याशी पटत नाही. कीबोर्डमधून आधीच भरून ठेवलेले वाद्यांचे तुकडे सोडायचे असतील तर ड्रमरच्या कानात क्लिक हवाच, नाहीतर यंत्र एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे. तुम्ही म्हणता, मग ते तुकडे सोडूच नका. यावर आपण पुन्हा भांडू.

आता चवथीचं. तुमच्या घरच्या आरतीला पहिल्या वर्षी मी मागे उभा होतो. घुमटं (मातीच्या घड्याची वाद्यं), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कांसाळें (झांजा). सुरुवात किती संथ, आणि हळूहळू चढत चढत शेवटी अंगावर काटा येईल असा वेग. मी तुम्हाला विचारलं, मग आमचं पळणं आणि हे पळणं यात फरक काय? तुम्ही शामेळ खाली ठेवलात, घाम पुसलात, म्हणालात, "हांगा सगळे एकठांय चडतात. तूं एकलोच चडतालो." (इथे सगळे एकत्र चढतात. तू एकटाच चढायचास.) दोन वर्षं तुम्ही मला कांसाळें हातात दिलं नाहीत. लहान पोरांना दिलंत, शेजाऱ्याच्या जावयाला दिलंत, मला नाही. गेल्या चवथीला आरती सुरू व्हायच्या आधी काही न बोलता जोडी माझ्यासमोर धरलीत. "आयज हें धर." तुम्ही माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाहीत, आणि त्याचा अर्थ मला समजला.

टेम्पो विकल्यावर घरात बसून राहणार नाही ना? पोरगा विचारत होता, तालमीला येऊन नुसते बसाल का म्हणून. खुर्ची हाय-हॅटजवळ ठेवू.

केबलच्या एका टोकाचा जॅक मी मागे नवा बसवला, टेपही बदलला, लालच आणला. परत मागू नका. यंदाच्या चवथीला आरतीच्या तासभर आधी येतो, शामेळ मी बाहेर काढून ठेवीन, तुमचे गुडघे दुखतात.

तुमचा,
बेसवाला