चपलांचं ई-पुस्तक

संपादक साहेब, नमस्कार. आमचं कोल्हापुरात चपलांचं छोटं दुकान हाय. जाहिरात परवडत नाही म्हणून पोराच्या नादानं मोबाईलवर टाईप करून ३० पानांचं ई-पुस्तक काढलं, बाभळीची साल आणि हिरड्यात चामडं कसं कमावतात, खिळा न मारता वादीनं शिलाई कशी घालतात, कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, कशी ओळखायची, सगळं लिहिलं. किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, टाकायला एक रुपयाबी लागत नाही आणि मराठीबी चालतं. ९० दिवसांत ५ दिवस फुकट वाटता येतंय, अट एवढीच की तेवढ्या मुदतीत ते ई-पुस्तक दुसरीकडं कुठं द्यायचं नाही. आमची चूक म्हणजे पहिल्याच पानावर रेट लिस्ट छापली, मग कोण वाचणार ओ? ती काढून माहिती पुढं घेतली, तवा कुठं पुण्याहून फोन आला, "कापशी हाय का?"

– एक चप्पल दुकानदार, कोल्हापूर