स्वस्तातला मजबूत मागचा एक्सल: लेथवाल्या काकांना खुलं आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

एक्सल गाडीखाली बसला, तेल भरून झालं, गाडी रस्त्यावर आहे. समोर उभं राहून आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं" म्हणून पुन्हा लेथकडे वळला असता, म्हणून हे लिहून मानतो आहोत. आणि उघडपणे मानतो आहोत, कारण कमी पैशात मागचा एक्सल दणकट करायला निघालेले आमच्यासारखे बरेच आहेत. तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी आभार तुमच्या नकाराबद्दल. मूळ छोट्या एक्सलमध्ये भारी स्टीलचे शाफ्ट बनवून घालायचा बेत तुम्ही दोन वाक्यांत मोडीत काढलात. शाफ्ट मजबूत केला की पुढचा मार क्राऊन-पिनियनच्या (इंजिनचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या दोन गिअरच्या) दातांवर, दात बदलले की बेअरिंगच्या कॅपवर, आणि शेवटी हौसिंग, म्हणजे या सगळ्याला धरणारं बाहेरचं कवच, वाकतं. एकेक कच्चा दुवा बदलत जाण्यापेक्षा भंगारातला एक मोठा, पुरा एक्सल स्वस्त पडतो. म्हणून फोर्डचा 8.8 इंची, एक्सप्लोरर गाडीखालचा. क्राऊनचा व्यास 8.8 इंच म्हणजे सुमारे 223 मि.मी., शाफ्टला 31 स्प्लाइन (टोकाला कोरलेले दात), नळ्यांचा बाहेरचा व्यास सव्वातीन इंच, आणि 1995 पासून 2001 पर्यंतच्या गाड्यांत मागे डिस्क ब्रेक. 2002 पासून चार दारांच्या एक्सप्लोररला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामुळे त्यानंतरची तशी गाडी या कामासाठी निरुपयोगी.

31 स्प्लाइनचा आग्रह का, हे तुम्ही हिशेबानेच दाखवलंत. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. 28 स्प्लाइनचा शाफ्ट साधारण 30 मि.मी., 31 चा 33. फरक तीनच मिलिमीटरचा, पण ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त. याच 8.8 मध्ये 28 स्प्लाइनवाले एक्सलही भंगारात असतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. कव्हर काढायचं, शाफ्ट बाहेर ओढायचा आणि दात मोजायचे.

कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर 3L73 असेल तर 3.73 चं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे) आणि लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरेन्शियल), मधला L नसेल तर साधं डिफरेन्शियल. पट्टी हरवली असेल तर दात मोजावे: 41 आणि 11 म्हणजे 3.73, 41 आणि 10 म्हणजे 4.10, 39 आणि 11 म्हणजे 3.55. एक चाक फिरवून दुसरं उलट फिरतंय का, या परीक्षेवर विसंबू नका असं तुम्ही बजावलंत ते बरं झालं. फ्रिक्शन प्लेटा झिजलेलं लिमिटेड स्लिपही उलटंच फिरतं.

मग आली तुमची सगळ्यात पैसे वाचवणारी सूचना: गुणोत्तर जमत असेल तर क्राऊन आणि पिनियनची जोडी मोडायची नाही. वापरलेली जोडी एकमेकांवर घासून बसलेली असते. तिचं पिनियनखालचं शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) बदललं की निळा रंग लावून उमटणारा ठसा कितीही देखणा दिसला तरी ती पुढे आवाज करते, कारण दातांवरची जुनी झीज आता वेगळ्या जागी येते. बेअरिंग बदलायचीच असतील तर जुनं शिम मायक्रोमीटरने मोजायचं आणि तेवढ्याच जाडीचं परत घालायचं. बॅकलॅशही (दोन गिअरच्या दातांमधली सैल जागा) खोलण्याआधी डायल गेजने मोजून ठेवायचा. या एक्सलला तो 0.20 ते 0.38 मि.मी. चालतो, पण जुन्या जोडीला जो होता तोच परत आणायचा. बाजूच्या शिममधून एकीकडे जेवढं काढाल तेवढंच दुसरीकडे घालायचं, नाहीतर बेअरिंगचा दाब बिघडतो. डाव्या-उजव्या बेअरिंग कॅपवर पंचाने खुणा करायच्या. त्या हौसिंगवर बसवूनच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

शाफ्ट काढताना आडव्या पिनचा लॉक बोल्ट अडतो, आणि जोर केला की तुटतो. काम शिकणाऱ्याने इथे थांबावं. आधी उष्णता, मग हळू पुढेमागे. परत बसवताना नवा बोल्ट आणि आट्यांना लॉकिंग द्रव. हा बोल्ट काही आण्यांच्या मोलाचा, पण तो सुटला तर पिन बाहेर येते आणि हौसिंगचा चुराडा करते. शाफ्टची आणखी एक गंमत अशी की बाहेरच्या टोकाला बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवर चालतात, आतली रिंग नसतेच. तिथे नखाला खड्डा लागला तर शाफ्ट बाद. नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही.

आता नळ्या कापण्याबद्दल. या कामात तुमचा वेळही सगळ्यात जास्त गेला. एक्सप्लोररचं पिनियन मध्यावर नसतं, म्हणून डावी नळी लांब. ती आखूड करून दोन्हीकडे उजव्या बाजूचा आखूड शाफ्ट वापरला की नवे शाफ्ट बनवावे लागत नाहीत, दुसऱ्या भंगार एक्सलमधला एक शाफ्ट पुरतो. सुमारे 73 मि.मी. कापायचे असतात, पण तुम्ही म्हणालात तसं ऐकलेल्या आकड्यावर करवत चालवू नये. दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून लांबीतला फरक मोजायचा, तोच काप. चाकापासून चाकापर्यंत 59.6 इंच असलेली रुंदी मग 56.7 च्या आसपास येते. आपल्या गाडीच्या चाकांची जागा त्याआधीच मोजलेली असावी, हे सांगायला नको. चाकाचे बोल्ट पाच, 114.3 मि.मी. वर्तुळावर. पुढची चाकं वेगळ्या मापाची असतील तर स्पेअर एकच ठेवून चालत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावं.

कापण्याआधी नळीवर अँगलचा तुकडा लांबीत धरून अणकुचीदार सुईने एक सरळ रेघ ओढायची, कापाच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब. ती रेघ नसेल तर जोडताना टोकाचा फ्लँज दोन-चार अंशांनी फिरतो, कॅलिपर तिरका बसतो आणि हवा काढायचा निपल वर राहत नाही. मग ब्रेक कितीही ब्लीड करा, पेडल मऊच. एका रेघेने वाचणारं हे काम नंतर नळी पुन्हा कापल्याशिवाय सुधारत नाही.

जोडायच्या दोन्ही कडांना ग्राइंडरने उतार, मध्ये दोनेक मि.मी. फट, आणि आत तुमचा अलाइनमेंट बार. कॅरिअरच्या बेअरिंगच्या जागी दोन पक (बार मधोमध धरणाऱ्या चकत्या), नळीच्या टोकाच्या बेअरिंगच्या जागी दोन, कॅप पूर्ण टॉर्कला म्हणजे 70 ते 85 फूट-पौंडांना आवळलेल्या. बार हाताने सरकत आणि फिरत राहिला पाहिजे. आधी चार टॅक (ठिपक्यासारखे वेल्ड) समोरासमोर, बार फिरवून पाहायचा, मग छोटे छोटे रन. एका बाजूला एक, थांबायचं, मग समोरच्या बाजूला. एका दमात गोल वेल्ड मारला की नळी एका बाजूला ओढली जाते, आणि वाकलेली नळी पहिल्यांदा सील खाते, मग बेअरिंग. बार ज्यांना मिळणार नाही त्यांनी निदान शाफ्ट घालून पाहावा. स्प्लाइन हाताने, हातोडी न लावता आत गेले पाहिजेत आणि शाफ्ट पूर्ण फेरा कुठेही न अडता फिरला पाहिजे. बारची सर त्याला नाही, पण मोठी चूक तिथे पकडली जाते.

आणि नळ्या मधल्या हौसिंगला वेल्ड करण्याबद्दल. कारखान्यातून त्या दाबून बसवलेल्या असतात आणि काही ठिपक्यांवर वेल्ड केलेल्या. जोराचा टॉर्क आला की स्प्रिंगच्या पाट्यांना बांधलेली नळी जागेवर राहते आणि हौसिंग तिच्यावर फिरतं, पिनियनचा कोन बिघडतो. या एक्सलची ही नावाजलेली दुखणी जागा, आणि तिचा इलाज जवळजवळ फुकट आहे. फक्त एका बाजूला कास्ट आयर्न आहे हे विसरायचं नाही. साध्या वायरने मारलेला रन छान दिसतो, पण लोखंड झपाट्याने थंड झाल्यामुळे वेल्डच्या शेजारी कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. तुमची रीत अशी: आतलं सगळं बाहेर काढून तेलाचा अंशही धुऊन टाकायचा, दोन्हीकडे बोटभर पट्टा चकचकीत घासायचा, 200 ते 250 अंश सेल्सिअसपर्यंत सगळीकडे सारखं तापवायचं, निकेलची रॉड वापरायची. रन इंचभराचेच. प्रत्येक रन गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे, म्हणजे आकसताना येणारा ताण सुटतो. शेवटी उष्णतारोधक कापडात गुंडाळून रात्रभर सोडायचं. पाणी किंवा पंखा अजिबात नाही. कव्हरवरचे महागडे आधार आणि वरचा ट्रस यांची गरज रस्त्यावरच्या गाडीला नाही, हे तुमचं मत आम्ही आता आमचंच म्हणून सांगतो.

स्वस्तात दोन्ही चाकं एकत्र फिरावीत म्हणून डिफरेन्शियलच्या आतले छोटे गिअर वेल्ड करायचा विचार तुम्ही ऐकूनही घेतला नाहीत. योग्यच. रस्त्यावर प्रत्येक वळणाला एक चाक घासतं आणि शाफ्टला पीळ बसतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच्याच मुळावर घाव.

पैसे कुठे ओतायचे हेही तुम्हीच ठरवून दिलंत: बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपून बेअरिंगचा दाब ठरवणारी छोटी नळी), पिनियनचा नट. क्रश स्लीव्ह दुसऱ्यांदा वापरायची नाही. ती चेपायला नट 140 फूट-पौंडांच्या वरच जातो, लांब दांडा लागतो, आणि ती चेपायला लागल्यावर प्रत्येक थोड्या घुमावानंतर इंच-पौंडाच्या पान्याने पिनियन फिरवून पाहायचं. फिरवायला लागणारा जोर, म्हणजे प्रीलोड, नव्या बेअरिंगला 16 ते 29 इंच-पौंड, जुन्याला 8 ते 14. पुढे गेलात तर नट सैल करून मागे येता येत नाही, स्लीव्ह नवी घ्यावी लागते. दोन स्लीव्ह आणून ठेवा म्हणालात, त्यामागचं कारण नट आवळायला बसल्यावरच कळतं.

पाट्यांच्या बैठका (एक्सल पाट्यांवर बसवणारे तुकडे) आधी नुसत्या टॅक करायच्या, गाडी तिच्या पूर्ण वजनासकट चाकांवर उभी करायची आणि मग पिनियनचा कोन लावायचा. प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल तर पिनियन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टला समांतर, आणि पाट्यांची गाडी असेल तर त्याहून एक-दोन अंश नाक खाली, कारण जोर लावला की पाटे पिळून ते वर उचलतात. गाडी जॅकवर लटकलेली असताना लावलेला कोन खोटा. बैठकांचा शेवटचा वेल्ड मात्र सील आणि बेअरिंग बसवण्याआधी.

ब्रेकबद्दलची तुमची सूचना आयत्या वेळची असली तरी मोठी. आधी मागे ड्रम असतील तर मास्टर सिलिंडरमध्ये किंवा लाइनमध्ये सुमारे 10 पौंडांचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. डिस्कला तो ठेवला तर पॅड कायम घासत राहतात. तो काढायचा आणि मागचा दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवायचा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत, हे मोकळ्या, कोरड्या जागेवर पाहून घ्यायचं.

हौसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करायचा. तो तुंबला की गरम हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि लोक बिचाऱ्या सीललाच दोष देत बसतात. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, सुमारे अडीच लिटर, आणि लिमिटेड स्लिपसाठी फ्रिक्शन मॉडिफायर 118 मि.लि. तो नसेल तर वळणावर मागून कटकट येते.

पहिल्या फेरीनंतर हौसिंगला हात लावून पाहिला, पिनियनच्या तोंडाशी कोमट, कुठेही चटका नाही. पाय उचलल्यावर घरघर ऐकू आली तर पिनियन बेअरिंगच्या प्रीलोडवर आधी संशय घ्या म्हणाला होतात. अजून तरी आवाज नाही. यू-बोल्ट थोडं चालवून पुन्हा आवळले, चारही थोडे थोडे घेत होते.

बार आणि पक पुसून, हलकं तेल लावून परत आणतो आहोत. बार आडवा न ठेवता टांगूनच ठेवला होता. एक विचारायचं राहिलं: पुढे कधी 4.10 ची नवी जोडी घातली तर क्रश स्लीव्हऐवजी घट्ट स्पेसर आणि शिम घ्यावेत, असं आमच्यातल्या अर्ध्यांचं म्हणणं आहे. अर्धे म्हणतात, रस्त्यावरच्या गाडीला स्लीव्ह पुरते. तुम्ही म्हणाल तसं करू.

आपले,
गॅरेजमधली सगळी मंडळी