आमच्या टीम्सची घडी बसवून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

फोनवर आभार मानून झालेच आहेत. तरी हे जाहीर पत्र लिहितोय, कारण आमच्या केळी पॅकहाऊससाठी तुम्ही मायक्रोसॉफ्ट टीम्सची, म्हणजे ऑफिसातल्या गप्पा आणि फायली एकत्र ठेवणाऱ्या अ‍ॅपची, जी मांडणी लावून दिलीत, तिची चौकशी सावदा-फैजपूरपासून पार धुळ्यापर्यंतची मंडळी करतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा तुमचे आभार आणि त्यांची उत्तरं एकाच पत्रात उरकलेली बरी.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या एका प्रश्नासाठी. खरेदी, पॅकिंग, कोल्ड स्टोरेज, डिस्पॅच, अकाउंट्स अशी खात्यांची यादी पाहून तुम्ही एवढंच विचारलंत, "यातलं कोणी कोणापासून काय झाकायचंय?" झाकायचे होते फक्त खरेदीचे दर आणि पगार. मग पाच टीम कशाला? टीम म्हणजे मुळात सभासदांची यादी. नवी टीम उघडली की मागच्या मागे एक मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप (सभासदांचा गट), एक शेअरपॉइंट साइट (फायलींची ऑनलाइन जागा) आणि एक मेलबॉक्स तयार होतो. खात्यागणिक टीम केली तर नवा सुपरवायझर आल्यावर त्याचं नाव पाच ठिकाणी चढवा आणि तो गेला की पाच ठिकाणाहून काढा. त्यातलं एखादं राहतंच. माणसं तीच असतील तर टीम एकच ठेवायची आणि विषय चॅनेलांत, म्हणजे टीमच्या आतल्या कप्प्यांत, वाटायचे, ही तुमची शिकवण आता इथल्या प्रत्येकाला पाठ आहे.

चॅनेल उघडताना प्रकार विचारपूर्वक निवडावा लागतो, कारण तो नंतर बदलता येत नाही. स्टँडर्ड चॅनेल टीममधल्या सगळ्यांना दिसतं. प्रायव्हेट चॅनेल टीममधल्याच निवडक लोकांसाठी असतं, आणि त्याच्या फायली वेगळ्या शेअरपॉइंट साइटवर राहतात. टीमचा मालक, म्हणजे ती सांभाळणारा, असला तरी तो त्या चॅनेलचा सभासद नसेल तर आतलं त्याला वाचता येत नाही. दर आणि पगार तिथे गेले. शेअर्ड चॅनेलमध्ये टीमबाहेरचा माणूसही घेता येतो. म्हणून न्हावा शेव्याच्या कस्टम एजंटला त्यात घ्यावं असं कोणालाही वाटेल. पण पाहुणा (गेस्ट) म्हणून जोडलेल्या बाहेरच्या खात्याला शेअर्ड चॅनेलमध्ये घेता येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला घ्यायचं तर दोन्हीकडच्या अ‍ॅडमिननी आधी परवानग्या उघडाव्या लागतात. बरं, त्याला मुख्य टीममध्येच पाहुणा केलं तर सगळी स्टँडर्ड चॅनेलं त्याच्यासमोर उघडी पडतात. त्यामुळे त्याच्यासाठी 'निर्यात कागदपत्रं' ही वेगळी छोटी टीम. तिच्यात इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र आणि शिपिंग बिल (कस्टमचा निर्यात कागद), बाकी काही नाही.

नावांच्या बाबतीतली तुमची युक्तीही भारी. चॅनेलं नावाच्या क्रमाने लागतात, म्हणून '१० कटिंग', '२० पॅकिंग', '३० कोल्ड स्टोरेज', '४० कंटेनर' असे दहा-दहाच्या अंतराने आकडे. उद्या मध्येच एखादं चॅनेल घालावं लागलं तर '२५' मोकळा आहे. नाव ५० अक्षरांत बसवावं लागतं, आणि फोनवर तर त्यातलं सुरुवातीचंच दिसतं, म्हणून कामाचा शब्द आधी.

दर कंटेनरला नवं चॅनेल काढायचा मोह मात्र तुम्ही वेळीच मोडलात. चार अक्षरं आणि सात आकडे असा प्रत्येक कंटेनरचा नंबर असतो. तो नंबर पोस्टच्या विषयाच्या ओळीत टाकायचा आणि त्या गाडीचं सगळं त्याच पोस्टखाली रिप्लायमध्ये: रिकाम्या कंटेनरचा फोटो, सेट केलेलं तापमान, लोडिंग सुरू आणि संपल्याची वेळ, सील नंबर, दार बंद केल्यावरचा फोटो. केळीला १३ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. त्याच्या फार खाली गेलं की साल काळवंडते आणि पुढे पिवळी नीट होत नाही. तक्रार आली तर तापमानाच्या फोटोसाठी शोधात फक्त नंबर टाकायचा. गडबड होते ती रिप्लाय देण्याऐवजी नवी पोस्ट टाकल्याने. मग सील नंबर एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. फोनवर काम करणाऱ्यांकडून हे हमखास होतं, म्हणून 'आधी नंबर शोधा, मग रिप्लाय' ही पाटी लोडिंग डॉकवर लावायला सांगितलीत ते फार बरं झालं.

फायलींचं सांगावं तेवढं थोडं. चॅटमध्ये जोडून पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ऑनलाइन कपाटात, राहते. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं काढलं की वनड्राइव्ह साधारण ३० दिवस टिकतं, मग फायलीही जातात. चॅनेलमध्ये टाकलेली फाइल टीमच्या साइटवर राहते, कोणी येवो वा जावो. म्हणून ज्या कागदाला पुढच्या वर्षी ऑडिटर हात लावणार, तो चॅटमध्ये नाही. चॅटमध्ये फक्त त्याची लिंक.

आपल्याकडे बिलाच्या नंबरात तिरकी रेघ घालायची सवय. फाइलच्या नावात ती चालत नाही, तसंच अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि तारांकनही नाही. तिथे आडवी रेघ. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात गावाचं, मग शेतकऱ्याचं, मग महिन्याचं असं केलं तर शेअरपॉइंटवर पूर्ण पत्ता ४०० अक्षरांच्या वर जाऊ शकतो, आणि संगणकावर सिंक केलेली प्रत त्याच्याही आधी अडते. वर्ष आणि महिना, बस. रोजच्या आवकेची एक्सेल शीट पॅकहाऊस आणि जळगावचं ऑफिस दोघांनी एकाच वेळी भरायची तर ती एक्सएलएसएक्स या नव्या फाइल-प्रकारातली हवी. जुन्या एक्सएलएसमध्ये एकत्र काम होत नाही, उघडण्यासाठी पासवर्ड लावलेल्या शीटमध्येही नाही. 'फाइल लॉक आहे' ही ओरड बहुतेक वेळा इथूनच येते. कोणी रकाना पुसलाच तर व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे जुन्या प्रतींच्या नोंदीतून, आधीची प्रत काढता येते, आणि उडवलेली फाइल साइटच्या रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस असते.

रात्रीच्या लोडिंगला अख्ख्या टीमला टॅग मारला, म्हणजे नाव घेऊन हाक दिली, की अकाउंट्सवाल्यांचीही झोप मोडते. त्यासाठी 'डिस्पॅच' आणि 'फील्डमन' असे टॅग बनवून दिलेत, आता ज्याचं काम त्याचाच फोन वाजतो. जनरल चॅनेलमध्ये पोस्ट करायची मुभा फक्त मालकांना, म्हणजे सणाच्या शुभेच्छांखाली सुट्टीची नोटीस दबत नाही. सभासदांनी स्वतः नवं चॅनेल उघडायची सोय सुरुवातीला उघडीच असते. मॅनेज टीममध्ये सेटिंग्ज, तिथे मेंबर परमिशन्स, आणि त्या सोयीसमोरची खूण काढायची. मालक मात्र किमान दोन हवेत. एकटा मालक निघून गेला तर नवा सभासद घ्यायलाही अ‍ॅडमिनच्या मागे लागावं लागतं.

आणि ताई, शेतकऱ्यांना टीम्सवर ओढायचा हट्ट तुम्ही धरला नाहीत, याचे वेगळे आभार. रावेर-यावलच्या बागेतून घडांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच येणार, ते तसेच येऊ द्यावेत. फील्डमनने कटिंगची तारीख, अंदाजे माल आणि गाडी एवढंच चॅनेलमध्ये चढवायचं. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण कुठे थांबायचं ते सांगणारा क्वचितच.

आता वर्षअखेर आली की जुनी 'निर्यात कागदपत्रं' उडवायची नाही, आर्काइव्ह करायची, म्हणजे बंद करून जपून ठेवायची, आणि नव्या वर्षासाठी नवी टीम उघडायची. उडवलेली टीम ३० दिवसांतच परत आणता येते, आर्काइव्ह केलेली वाचायला तशीच राहते. ते करताना शेअरपॉइंट साइटही सभासदांसाठी फक्त वाचनापुरती ठेवायची खूण लावू. एजंटचं पाहुणा खातं नव्या टीममध्ये घ्यायचं आणि जुन्यातून काढायचं, ते मात्र तुमच्या नजरेखालून गेलेलं बरं. त्या आठवड्यात गावाकडे येणं झालं तर कळवा. भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे लागली, येताना जेवून येऊ नका.

आपले नम्र,
पॅकहाऊस आणि जळगाव ऑफिसची सगळी मंडळी