मंत्रिमहोदय, बीओडीच्या बाटलीत सुक्रालोज दिसत नाही

मा. केंद्रीय पर्यावरणमंत्री, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांच्या, पाण्यात कृत्रिम गोडकांची (साखरेऐवजी वापरायच्या गोड रसायनांची) तपासणी सुरू करा, असा अर्ज केला होता. गेल्या आठवड्यात उत्तर आले: ‘सदर घटक विहित मानकांत अंतर्भूत नसल्याने कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.’ कार्यालयाचे नाव लिहीत नाही. सगळीकडून हेच उत्तर आले असते. घटक मानकात नाही म्हणून मोजायचा नाही आणि मोजलाच नाही म्हणून तो मानकात येणार नाही. या गोल फिरण्याला आपल्या खात्यात बहुधा धोरण म्हणतात.

विषय थोडक्यात सांगतो. सुक्रालोज म्हणजे साखरच, फक्त तिच्यातले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीन बसवलेला असतो. गोडी साखरेच्या सुमारे 600 पट. माणसाच्या पोटात त्याचे फारसे काही होत नाही, बहुतेक सगळे जसेच्या तसे संडासातून गटारात उतरते. शुगर-फ्री काजूकतली असो की मधुमेहींच्या चहातली पुडी, शेवटचा मुक्काम एसटीपीच. तिथे हवा सोडलेल्या एरेशन टँकमध्ये पाणी 6 ते 8 तास राहते, जीवाणू मैला खातात, पण सुक्रालोजला जवळपास तोंड लावत नाहीत. पुढे क्लोरीन मारा, तरी ते टिकते. ओझोनलाही दाद देत नाही.

आणि आपली कसोटी कोणती? बीओडी. बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवायची आणि जीवाणूंनी किती ऑक्सिजन संपवला ते बघायचे. जे जीवाणू खातच नाहीत ते या बाटलीत दिसणार कसे? सीओडीत (रसायनाने ऑक्सिजनची मागणी मोजायच्या कसोटीत) मायक्रोग्रॅमचा आकडा बुडून जातो. एका बाटलीभर पेयात 50 मिलिग्रॅम सुक्रालोज धरा, ब्रँडगणिक कमीजास्त असेल. लिटरला 1 मायक्रोग्रॅम या पातळीवर आणायला तेवढ्याला 50,000 लिटर पाणी लागते. म्हणजे दहा-दहा हजारांचे पाच टँकर, एका बाटलीपायी. युरोपने 27 देशांच्या नद्या तपासून 2009 मध्येच हे आकडे छापले. काही ठिकाणी सुक्रालोज लिटरला 1 मायक्रोग्रॅमपर्यंत गेले होते.

‘गोडच आहे, कुणाचे काय बिघडते?’ असे आपले अधिकारी विचारतील. बिघडते जीवाणूंचे, आणि मग आपले. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम आणि ॲसेसल्फेम हे चारही प्रयोगशाळेत तपासले. चौघांमुळेही जीवाणूंमधली प्लाझ्मिडची (जनुके वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांची) देवाणघेवाण वाढली. गोडकाने जीवाणूवर ताण येतो, आत ऑक्सिडीकारक रेणू वाढतात, पेशीचे आवरण सैल पडते आणि प्रतिजैविकाला न जुमानणारे जनुक शेजाऱ्याकडे सरकते. हे काचेच्या नळीतले काम आहे, मुठेतले नाही, मान्य. पण अब्जावधी जीवाणू, दवाखान्यांचे सांडपाणी, उरलेली प्रतिजैविके आणि गोडके असे सगळे एका टाकीत ढवळण्याची सोय आपणच केली आहे. वर वीज गेली, ब्लोअर थांबला की गाळ आउटलेटमधून थेट नदीत.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी म्हणाल. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाने 2023 मध्ये दाखवले की ॲसेसल्फेमच्या मोठ्या मात्रेने ॲसिनेटोबॅक्टर हा हट्टी जीवाणू फुगतो आणि औषधाला पुन्हा वश होतो. जखमेवर ते कदाचित उपयोगी पडेल. नदीत तेवढी मात्रा नसते. आणि एकेकाळी ‘विघटन होत नाही’ म्हणून गाजलेले ॲसेसल्फेम जर्मनीतल्या एसटीपींमधले जीवाणू गेल्या दशकात खायला शिकले. जीवाणू शिकतात, साहेब. मानके शिकत नाहीत.

आता जुने दुखणे. आपल्याच मंत्रालयाने जानेवारी 2020 च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी 121 प्रतिजैविकांच्या मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या गायब! कोणत्या जीवाणूने खाल्ल्या? जीएसटीवाल्यांची नजर मात्र शाबूत आहे. ‘साखर किंवा अन्य गोड पदार्थ’ घातलेल्या फसफसत्या पेयांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. म्हणजे गोडक कर घेताना दिसते, पाणी तपासताना नाही. इकडे पुण्याच्या नदीसाठी 2016 मध्ये 990 कोटी आणि 11 एसटीपी मंजूर झाले, मुदत केव्हाच उलटली. ते पाणी भीमेतून उजनीत जाते, आणि उजनीचे सोलापूर पिते. मग राज्य म्हणते महापालिकेला विचारा, महापालिका म्हणते केंद्राला विचारा, आणि केंद्र म्हणते घटक मानकात नाही.

मागणी लहान आहे. मोठ्या एसटीपींच्या इनलेट आणि आउटलेटला वर्षातून दोनदा सुक्रालोज, ॲसेसल्फेम मोजा, सोबत नुसते कागदी घोडे न नाचवता ‘सल-वन’ (sul1, सल्फा औषधांना न जुमानणारे) आणि ‘इंट-वन’ (intI1, अशी जनुके गोळा करणारे) ही दोन जनुके क्यूपीसीआरने, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीने, मोजा. नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या, पावसाळ्यात सगळे पातळ होऊन आकडा गोंडस येतो. सकाळी आठला मगभर पाणी आणू नका, 24 तास दर तासाला थोडे घेऊन एकत्र करा. बर्फात ठेवा, 0.2 मायक्रॉनने गाळा, एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वजनाने ओळखणाऱ्या यंत्रावर) चालवा. जनुकांसाठी तो फिल्टरच जपून गोठवा. इनलेटचे पाणी 50 मिलीतच त्याला चोंदवते, म्हणून गाळलेले आकारमान लिहून ठेवा. सुक्रालोजचा सिग्नल मुळात कमजोर, सांडपाण्यात आणखी दबतो. तुलनेसाठी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेले सुक्रालोज नमुन्यात आधीच मिसळले नाही तर आकडा खोटा कमी येईल, आणि तोच आपल्याला आवडेल.

आपला,
मुळा-मुठेकाठचा एक सांडपाणी-तपासनीस

ता. क. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी डाएट कोला पिऊ नये, च्युइंगगमही चघळू नये. हाताला लागलेले गोडक बाटलीत उतरते आणि कोऱ्या पाण्याच्या ब्लँकमध्येही सुक्रालोज सापडते.