दोन मिनिटांत ३१ प्रश्न

प्रिय भवाने,

टिल्ल्या अजून नीट बोलत नाही म्हणून तू पाठवलेलं तुमच्या दोघांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग येऊन सात आठवडे झाले आणि मी "ऐकते गं" एवढं लिहून गप्प बसले. शिव्या घाल, पण आधी हे वाच. माझी पाठ बरी आहे, विषय संपला.

काल कागद-पेन घेऊन ती दोन मिनिटं तीनदा ऐकली. तू टिल्ल्याला ३१ प्रश्न विचारलेस. हे काय? रंग कुठला? भू भू कसं करतो? एक संपला की दुसरा तयारच. १९७०च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधक बाईंनी शिक्षकांचं हेच मोजलं होतं: प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबायचे. तो वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि ती तर शाळकरी मुलं. सव्वादोन वर्षांच्या पोराला ऐकायचं, समजायचं, शब्द शोधायचा, मग जीभ वळवायची. मनात दहापर्यंत मोज, तोंड मिटून. तुला अवघड जाणार, माहीत आहे. शेवटच्या वर्षीच्या त्या भांडणात मी तोंड उघडायच्या आत माझंही उत्तर तूच देऊन मोकळी झाली होतीस. ते अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

आता चाळिसाव्या सेकंदाला काय होतं बघ. तो म्हणतो, "गाली." तू म्हणतेस, "गाली नाही, गाडी. म्हण बघू गाडी." तो गप्प. अगं, त्याने तुला बातमी दिली आणि तू शुद्धलेखन तपासलंस! या वयात 'ड'चा 'ल' झाला तर होऊ दे. तिथे "गाडी गेली" म्हणायचं आणि थांबायचं. त्याच्यापेक्षा एकच शब्द जास्त. उद्या "मोठी गाडी", परवा "गाडी पडली". ट्रक गेला, गाडी गेली, विमान गेलं, हे आपलं लिंगाचं त्रांगडंसुद्धा असंच कानावाटे आत जातं. चुकलं तर बरोबर रूप तुझ्या वाक्यात घालून परत दे, वदवून घेऊ नकोस.

प्रश्न विचारायचाच तर दोन पर्याय दे. "पाहिजे का?" म्हटलं की मान हलवून त्याचं काम भागतं. दोन्ही वस्तू तुझ्या चेहऱ्याजवळ धर आणि विचार, "चेंडू की ठोकळा?" यातही एक गोम आहे: मुलं शेवटचा शब्द नुसता परत म्हणतात. म्हणून त्याला हवी असलेली वस्तू आधी घे. "ठोकळा" म्हणाला तर ठोकळाच दे, चेहरा पडू दे. पुढच्या वेळी कान देऊन ऐकेल. नुसतं बोट दाखवलं तर शब्द तू म्हण आणि देऊन टाक. अडवून रडवायचं नाही.

आणि त्याच्या ताईसाहेब! नऊ उत्तरं तिनेच ठोकून दिलीत. दटावू नकोस, हुद्दा दे. चित्रांच्या पुस्तकाची पानं तिने उलटायची आणि "आता त्याची पाळी" हे तिनेच पुकारायचं. शिवाय रोज दहा मिनिटं फक्त त्याची: जमिनीवर, समोरासमोर, तो ज्याच्याकडे बघेल त्याच्याबद्दलच बोलायचं. टीव्ही बंद. मागे नुसता चालू असला तरी मोठी माणसं मुलांशी कमी बोलतात, आणि तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये बातम्या स्पष्ट ऐकू येतायत.

खरी काळजी पुढेच आहे. "बापही उशिराच बोलला" हे सासूबाईंचं वाक्य तू दोनदा लिहिलंस. बोलला असेल. पण दोन वर्षं उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल तर वाट बघायची नसते. आधी कान तपास. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तर ऐकू येणं कमीजास्त होतं. हाकेला वळतो म्हणून सगळे निर्धास्त, पण हाकेला वळणं वेगळं आणि 'स', 'फ' असे हलके आवाज पकडणं वेगळं. जन्मानंतरच्या चाचणीचा कागद दाखवू नकोस, तो तेव्हाचा. ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, आत्ता जा आणि टिंपॅनोमेट्रीही करून घे. पडदा नीट हलतो का ते कळतं, काही मिनिटांचं काम आहे. आणि येत असलेले शब्द गळायला लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

तोवर फ्रिजवर कागद चिकटव आणि त्याचे शब्द लिही. "गाली" धर, कुत्र्यासाठी नेहमी म्हणत असेल तर "भू"ही धर, बापाच्या भाषेतलेही धर. दोन भाषांमुळे मूल मागे पडतं हे कोणीही सांगितलं तरी एक भाषा बंद करू नकोस. तसं होत नाही.

नव्या नोकरीचं विचारायचं राहिलंच. साहेब माणसात आला का? सविस्तर लिही.

रविवारी नवी दोन मिनिटं पाठव. चारच्या वर प्रश्न निघाले तर पुन्हा सात आठवडे.

तुझीच,
उत्तर शिल्लक असलेली